झाडाशेजारचे मचाण

कणसात दाणा भरू लागला की ज्वारी-बाजरीच्या शेतात चार वासे रोवून त्यांवर माळा उभारला जातो. पाखरांपासून पिकाची राखण करणारे माणूस, बहुधा घरातले एखादे पोरच, गोफण घेऊन त्यावर बसते. महाराष्ट्रात ज्याला माळा म्हणतात त्याला उत्तर भारतात मचान असे नाव आहे. मराठीत मचाण हा शब्द शिकारकथांमुळे अधिक परिचित झाला. शिकाऱ्याचे मचाण झाडाच्या फांद्यांना बांधलेले असे, कारण ते एक-दोन रात्रींपुरतेच टिकायचे असे. शेतातल्या माळ्याला मात्र सबंध हंगाम काढावा लागतो, आणि हवे त्या ठिकाणी झाड असतेच असे नाही; म्हणून तो स्वतःच्या पायांवर उभा असतो. मुलांना खेळण्यासाठी अंगणात मचाण बांधू पाहणाऱ्याने या दोहोंपैकी शेतातल्या माळ्याचा कित्ता गिरवावा, हे या प्रकरणाचे मुख्य सांगणे आहे.

येथे दिल्ली आणि तिच्या आसपासचा राजधानी परिसर डोळ्यांपुढे ठेवला आहे. या महानगरात स्वतंत्र अंगण असलेली घरे थोडी आहेत. जुन्या वसाहतींतील बंगले, सरकारी निवासस्थाने, शाळांची आवारे आणि गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक हिरवळी एवढ्याच जागा अशा कामासाठी उरतात. परंतु यांपैकी पुष्कळ ठिकाणी एखादे जुने कडुनिंबाचे, जांभळाचे किंवा अर्जुनाचे झाड उभे असते, आणि मुलांचे लक्ष प्रथम त्याकडेच जाते. मुलांना त्या झाडाच्या पानांत बसता यावे, आणि तरीही मुलांच्या व झाडाच्या जिवाला धोका पोहोचू नये, हा खरा प्रश्न आहे.

झाडावर भार का टाकू नये

झाडाला झालेली जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. अलेक्स शिगो या अमेरिकन वनवैज्ञानिकाने हजारो खोडे उभी चिरून जे दाखवून दिले त्याचा सारांश असा, की झाड जखमी भागाभोवती एक प्रकारची भिंत उभारते आणि तो भाग कायमचा वेगळा पाडते; वरून नवे लाकूड वाढते, पण आतली जखम तशीच राहते. एकाच फांदीत दहा-बारा खिळे ठोकले म्हणजे अशा दहा-बारा जखमा होतात आणि त्यांतून बुरशीला वाट मिळते. दोरीने वा तारेने आवळलेली फांदी याहूनही वाईट. फांदी जाड होत जाते, दोरी सैल होत नाही, आणि सालीच्या आतून वाहणारा अन्नरस अडून फांदी सुकू लागते.

दुसरे कारण वाऱ्याचे आहे. मे-जूनमध्ये दिल्लीत धुळीची वादळे येतात. ३० मे २०२२ रोजीच्या वादळात वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरपर्यंत गेला, शेकडो झाडे कोलमडली आणि जामा मशिदीच्या घुमटावरील कळस मोडून पडला. अशा वाऱ्यात झाड वाकते, म्हणूनच ते बहुधा वाचते. दोन फांद्यांना पक्क्या जखडलेल्या तुळईमुळे त्या फांद्यांना एकमेकींपासून निराळे डोलता येत नाही. मग एक तर तुळई निखळते किंवा फांदी चिरते. स्वतंत्र पायांवरील मचाणाच्या बाबतीत ही ओढाताण संभवत नाही.

तिसरे कारण कायद्याचे. दिल्ली वृक्ष संरक्षण अधिनियम, १९९४ हा खाजगी जमिनीवरील झाडांनाही लागू आहे. त्यात ‘झाड तोडणे’ या संज्ञेचा अर्थ फार व्यापक धरला असून फांद्या छाटणे, साल गोलाकार काढणे आणि अन्य कोणत्याही प्रकारे झाडास इजा करणे यांचाही तीत समावेश होतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांवरचे खिळे, फलक व तारा काढून टाकण्याचा आणि खोडाभोवतीचा एक मीटरपर्यंतचा काँक्रीटचा थर उखडण्याचा आदेश दिला. राजधानी परिसराच्या हरियाणा व उत्तर प्रदेशातील भागांना त्या त्या राज्याचे नियम लागू होतात. महाराष्ट्रातील शहरांसाठी १९७५ चा अधिनियम आहे. कोठेही असले तरी, झाडाला हात न लावता काम करणारा मनुष्य या सर्व नियमांच्या मर्यादेत सहज राहतो.

जागेची निवड

प्रथम झाड नीट पाहावे. वाळलेल्या फांद्या, खोडातील पोकळी, बुंध्याशी उगवलेली भूछत्रे किंवा एका बाजूला उचललेली माती यांपैकी काही आढळल्यास त्या झाडाखाली मुलांना बसवू नये, मग मचाण कितीही भक्कम असो. कडुनिंब या कामास चांगला. गुलमोहोराच्या आणि शेवग्याच्या फांद्या ठिसूळ असतात. वादळी दिवसांत त्या अवचित मोडतात.

नंतर दृष्टी वर न्यावी. विजेची तार मचाणाच्या जवळपास नसावी. मचाणावर उभ्या राहिलेल्या मुलाच्या हातातील काठीही तिच्यापर्यंत पोहोचता कामा नये. कपडे वाळत घालण्याची दोरी आणि कुंपणाचे भालदार गजही दूर असावेत. मचाणाच्या सर्व बाजूंना सुमारे दोन मीटर जागा मोकळी हवी, म्हणजे पडणारे मूल मातीवर पडेल, ओट्याच्या कडेवर नव्हे.

झाडाची बारीक, पाणी शोषणारी मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या हात-दीड हातातच पसरलेली असतात. यास्तव खांबांचे खड्डे खोडापासून निदान दीड मीटर दूर घ्यावेत, कुदळीऐवजी खुरप्याने सावकाश खणावेत, आणि अंगठ्याहून जाड मूळ लागल्यास ते न तोडता खड्डा बाजूला सरकवावा. उकरलेली माती बुंध्याभोवती रचू नये; तेथील साल मातीखाली गेली की कुजते.

माप आणि भार

चार-सहा मुलांसाठी १.८ मीटर रुंद व २.४ मीटर लांब मचाण पुरेसे होते. जमिनीपासून तक्तपोशीची, म्हणजे फळ्यांच्या तळाची, उंची दीड मीटर ठेवावी. मुलांना ती मोठी वाटते, आणि मोठ्या माणसाला खाली उभे राहून वरच्या मुलाला हात देता येतो. उंची वाढवण्याचा मोह टाळावा. पडण्याची इजा उंचीबरोबर वाढते. पानांत बसल्याचा आनंद मात्र त्या प्रमाणात वाढत नाही.

भाराचा हिशेब वजनावरून न करता वापरावरून करावा. सहा मुलांचे वजन दोनशे किलोंच्या आत असते. परंतु ती एकदम उड्या मारतात, सगळी एका कोपऱ्यात जमतात, आणि त्यांना उतरवायला एखादा मोठा माणूसही वर चढतो. भारतीय मानकांत राहत्या खोल्यांसाठी प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो आणि सज्जांसाठी सुमारे ३०० किलो भार धरतात. मचाण हा एक सज्जाच होय. त्याचे क्षेत्रफळ ४.३२ चौरस मीटर, म्हणून भार सुमारे १,३०० किलो. लाकडाचे स्वतःचे वजन साडेतीनशे किलो धरले तर एकूण १,६५० किलो. चार खांबांत तो वाटला की प्रत्येकावर सव्वाचारशे किलोंच्या आत येतो. पुढील सर्व मापे या आकड्याला धरून आहेत.

लाकूड सालाचे घ्यावे. ते जड आणि टिकाऊ असते व उत्तर भारतात इमारतकामासाठी पूर्वापार वापरले जाते. गाभ्याचे गडद लाकूड निवडावे. बाहेरच्या फिकट भागाला वाळवी लवकर लागते. मोडलेल्या जुन्या घराच्या तुळया स्वस्त मिळतात व त्या पुरत्या वाळलेल्याही असतात, पण त्यांवरचा रंग शिशाचा असू शकतो. घरगुती रंगांतील शिशावर भारतात २०१७ पासून कडक मर्यादा आली. त्यापूर्वीचा रंग मुलांच्या हाताला लागणार नाही असा पुरता काढलेला असावा, आणि तो खरवडताना मुले जवळ नसावीत.

लागणारे लाकूड असे: १० × १० सेंटिमीटरचे, अडीच मीटर लांबीचे चार खांब, लांब बाजूंसाठी ४ × १५ सेंटिमीटरच्या चार तुळया, प्रत्येक बाजूला जोडीने, त्यांवर आडव्या ठेवण्यासाठी ५ × १० सेंटिमीटरच्या सात कड्या, आणि ३ सेंटिमीटर जाडीच्या फळ्या. तुळई व कडी नेहमी उभ्या कडेवर ठेवावी, आडवी नव्हे. पट्टीचे टोक धरून ती प्रथम चपटी व नंतर उभी करून वाकवून पाहिली, तर याचे कारण मुलांनाही कळते.

पाया

जमिनीवर खांबांच्या जागा आखताना काटकोन अचूक यावा लागतो. येथे मापांची निवड उपयोगी पडते. १.८ आणि २.४ मीटर बाजूंच्या आयताचा कर्ण बरोबर ३ मीटर येतो, कारण या तिन्ही संख्या ३, ४ व ५ यांच्या पटी आहेत. बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदी आखण्यासाठी ही जोडी दिलेली आहे. गवंडी आजही दोरीने हाच पडताळा घेतात. दोन्ही कर्ण तीन-तीन मीटर भरले म्हणजे आखणी बरोबर आहे असे समजावे.

दिल्लीची जमीन सर्वत्र सारखी नाही. यमुनेकाठच्या खादरात रेताड, सैल गाळ आहे. त्यापलीकडच्या उंच बांगरात जुना, घट्ट गाळ व कंकर सापडतो. रिजच्या पट्ट्यात थोड्याच खोलीवर खडक लागतो. साधारण बांगर जमिनीत ४० सेंटिमीटर चौरस व ६० सेंटिमीटर खोल खड्डा पुरतो. अशा पायाखाली मातीवर प्रति चौरस मीटर अडीच टनांहून थोडा अधिक भार येतो व घट्ट माती तो सहज पेलते. खादरात किंवा नव्याने भर घातलेल्या जमिनीत खड्डा अधिक रुंद घ्यावा. महाराष्ट्रातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तेथे मुरूम लागेपर्यंत खाली जावे.

खड्ड्याच्या तळाशी खडी धुमसून वर काँक्रीट भरावे आणि ते जमिनीच्या वर १५ सेंटिमीटर येऊ द्यावे. ओल्या काँक्रीटमध्ये लोखंडी पट्टीचा खोबणीदार पाय बसवून खांब त्यात उभा करावा. खांब मातीत पुरण्याची शेतातली रीत येथे उपयोगाची नाही. माळा एका हंगामाचा असतो. मचाणाला दहा-बारा पावसाळे काढायचे असतात, आणि या भागात वाळवी फार. वाळवी मातीचा बोगदा बांधून वर चढते. काँक्रीटचा वीतभर उघडा भाग तिला अडवीत नाही, पण तिचा बोगदा तेथे डोळ्यांना दिसतो व वेळीच खरवडून टाकता येतो. प्रत्येक पायाचे दोनशे किलोंहून अधिक वजन मचाणाला वादळात खाली धरून ठेवते.

काँक्रीट निदान सात दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवावे. कामाला फेब्रुवारी-मार्च हे महिने उत्तम. हिवाळ्यात हवेच्या प्रदूषणामुळे राजधानी परिसरात बांधकामांवर वेळोवेळी निर्बंध येतात, आणि एप्रिलनंतरच्या उन्हात काँक्रीट फार लवकर सुकते.

त्रिकोणाचे बळ

लाकडाच्या चार पट्ट्या घेऊन त्यांचा चौकोन करावा व प्रत्येक कोपऱ्यात एकच खिळा ठोकावा. बोटाने ढकलताच चौकोन कलंडतो. आता एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पाचवी पट्टी ठोकावी. तोच चौकोन आता हलत नाही, कारण त्याचे दोन त्रिकोण झाले. आणि त्रिकोणाच्या बाजूंची लांबी बदलल्याखेरीज त्याचा आकार बदलू शकत नाही. मचाण कोसळते ते बहुधा लाकूड मोडून नव्हे, तर या पाचव्या पट्टीच्या अभावी कलंडून. दिल्ली परिसर भूकंपप्रवण असल्याने ही काळजी अधिकच अगत्याची आहे.

म्हणून प्रत्येक खांबाला दोन दिशांनी दोन, असे एकूण आठ तिरपे टेकू द्यावेत. खांब व तुळई जेथे मिळतात त्या कोपऱ्यापासून खांबावर ६० सेंटिमीटर खाली व तुळईवर ६० सेंटिमीटर आत खूण करावी. या दोन खुणा जोडणारा टेकू ८५ सेंटिमीटरचा होतो. आखूड बाजूंवर हे टेकू शेवटच्या कड्यांना मिळवावेत, आणि त्यासाठी त्या कड्या खांबांना बोल्टने आवळलेल्या असाव्यात.

जोडकाम

खांबाच्या दोन्ही अंगांना दीड-दीड सेंटिमीटरची खाच घेऊन तुळयांची जोडी तीत बसवावी. असे केल्याने भार लाकडावरून लाकडावर उतरतो. बोल्टचे काम तुळया जागच्या जागी आवळून धरणे एवढेच राहते. प्रत्येक सांध्यात १२ मिलिमीटरचे, जस्ताचा मुलामा दिलेले दोन बोल्ट रुंद वायसरसह वापरावेत. खिळे येथे चालत नाहीत. दिल्लीचे लाकूड मेमध्ये आकसते आणि ऑगस्टमध्ये फुगते. या ओढीत खिळा सैल होतो व तो पुन्हा आवळता येत नाही. बोल्ट पाना घेऊन केव्हाही आवळता येतो. बोल्टची उघडी टोके कापून, घासून गोल करावीत, कारण खाली खेळणाऱ्या मुलाचे डोके नेमके त्याच उंचीवर येते.

खांब ओळंब्याने व तुळया पाणसळीने तपासल्याखेरीज शेवटचा वेढा आवळू नये. कड्या चाळीस-चाळीस सेंटिमीटर अंतरावर ठेवून त्यांवर फळ्या स्क्रूने बसवाव्यात आणि दोन फळ्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटरची फट सोडावी. तीतून पावसाचे पाणी वाहून जाते. फळ्यांच्या कडा रंध्याने मोडाव्यात. जवसाचे तेल वर्षातून एकदा दिले की पुरे. लोखंडी पत्र्याची तक्तपोशी करू नये. जूनच्या दुपारी तिच्यावर पाय ठेववत नाही.

कठडा आणि शिडी

चारही खांब तळाच्या वर एक मीटर वाढवलेले असतात; त्यांना धरून कठडा करावा. कठड्याचे गज उभे असावेत. आडव्या पट्ट्या म्हणजे मुलांना चढण्यासाठी दिलेली शिडीच होय. दोन गजांतील अंतर नऊ सेंटिमीटरहून कमी हवे. लहान मुलाचे अंग जेथून जाते पण डोके अडकते अशी फट सर्वांत घातक. साधारणपणे नऊ ते तेवीस सेंटिमीटरच्या दरम्यानची प्रत्येक फट धोक्याची समजतात.

हाच नियम झाडालाही लावावा. वाढीसाठी व वाऱ्यासाठी खोड आणि मचाण यांत वीतभर मोकळी जागा सोडण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. परंतु वीतभर फट ही नेमकी डोके अडकण्याजोगी आहे. म्हणून खोड तक्तपोशीच्या मधून न काढता कठड्याच्या पूर्ण बाहेर ठेवावे. फांद्या वरून येतील व पाने हाताशी येतील एवढी जवळीक मुलांना पुष्कळ होते.

शिडी तिरपी, धरायला बाजूचे दांडे असलेली आणि खांबाला पक्की आवळलेली असावी. कठड्यातील तिची वाट ५० सेंटिमीटरहून रुंद नसावी. खाली लोंबणाऱ्या मोकळ्या दोऱ्या बांधू नयेत. त्यांचा गळ्याला फास बसण्याचे भय असते. मचाणाखाली व भोवती ३० सेंटिमीटर जाडीचा वाळूचा थर पसरावा. वाळू बुंध्याला भिडू देऊ नये, आणि पावसाळ्यानंतर ती घट्ट झाल्यास फावड्याने उकरून सैल करावी.

परीक्षा आणि देखभाल

मुले चढण्यापूर्वी मचाणाची परीक्षा घ्यावी. पन्नास किलोंची बारा वाळूची पोती तक्तपोशीवर सारखी पसरून रात्रभर ठेवावीत. सकाळी तुळया खाली झुकल्या आहेत काय आणि पाये खचले आहेत काय, ते पाणसळीने पाहावे. मग तीच पोती एका बाजूला ओढून पुन्हा पाहावे. शेवटी दोन मोठ्या माणसांनी कठडा जोराने ढकलून पाहावा. मचाण कुरकुरले तर हरकत नाही. परंतु कोणताही सांधा उघडताना दिसला तर काम अपुरे आहे.

वर्षातून दोनदा, होळीच्या सुमारास आणि पावसाळा सरल्यावर, सर्व बोल्ट आवळावेत, वाळवीचे बोगदे शोधावेत, खांबांचे तळ पटाशीने टोचून मऊपणा पाहावा. त्याच वेळी वरच्या फांद्याही पाहाव्यात. वाळलेली फांदी आढळल्यास ती रीतसर परवानगी घेऊन जाणत्या माणसाकडून काढवावी. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत मचाणावर राहिलेल्या डब्यांत व खेळण्यांत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचे डास तेवढ्याशा पाण्यात वाढतात. खाण्याचे पदार्थही वर ठेवू नयेत, नाही तर माकडे येतात. आकाश पिवळे होऊन वारा पडला, म्हणजे वादळ जवळ आले असे समजून मुलांनी खाली उतरावे, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा. मचाण वादळात टिकेल. वरून तुटणाऱ्या फांदीची हमी कोणी देऊ शकत नाही.

दहा-बारा वर्षांत मुले मोठी होतात आणि मचाणाचे काम संपते. बोल्टने जोडलेले असल्याने ते एका दिवसात उलगडता येते, लाकूड दुसऱ्या कामी लागते आणि पाये उकरून काढता येतात किंवा मुळांच्या रक्षणासाठी जागीच ठेवता येतात. त्या दिवशी झाडाच्या सालीवर एकही खूण नसली, तर काम उत्तम वठले असे म्हणता येईल.